मेक अपचे सहा अर्थ आणि फाट्यावरचा फ्लेक्स

१७ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.१०
उठलो. हे आधी लिहून ठेवतो, कारण बायकोचा, दिपालीचा, विश्वास बसत नाही. बारामतीच्या अकॅडमीत इंग्रजीच्या सरांची एक जागा आहे. २ मार्चला डेमो लेक्चर, वीस मिनिटं. विषय आपला आपण निवडायचा. मी फ्रेजल व्हर्ब घेतोय. बाकीचे टेन्स घेऊन येतील, बिचारे.
दिपालीला शब्द दिला, या वेळी नाही झालं तर डाळिंबाचं रान मी बघणार. ती म्हणाली, तीन वर्सं ऐकतीय, आता वहीत लिवा. लिहिलं. लिहायला काय, वेळच येणार नाही.

त्याच दिवशी, ७.३०
डोळा लागला होता.

१९ फेब्रुवारी
ठराव: दहा फ्रेजल व्हर्ब, सगळे अर्थ, समानार्थी शब्दांसकट. टेक ऑफपासून सुरुवात. विमान उडणं, चप्पल काढणं, सुट्टी घेणं, धंदा जोरात चालणं, नक्कल करणं. एकट्यानं इतकी कामं करणारं आमच्या घरात दिपालीशिवाय कुणी नाही.
घरात डोकं चालेना. टेबल गच्चीवर नेलं. ऊन. खाली आणलं. शेळ्या ओरडतात. कालव्यावर गेलो तर वाऱ्यानं वहीची पानं उलटतात. परत आलो. दिपाली म्हणाली, टेबल आता हाय तितंच ऱ्हाऊ द्या, त्याच्याखाली मी कोंबड्या डालल्यात. आजचा दिवस जागा ठरवण्यात गेला. तेही महत्त्वाचं असतं.

२१ फेब्रुवारी
दहा जास्त होतात. एकच घ्यायचं, पण मुळापासून. मेक अप. पहिला अर्थ तोंडाला रंग लावणं, तो पोरांना येतोच. दुसरा, मनानं रचून सांगणं, म्हणजे इन्व्हेंट. तिसरा, कमी पडलेलं भरून काढणं, कॉम्पेन्सेट. चौथा, भांडण मिटवणं, रिकन्साइल. पाचवा, मनाशी पक्कं करणं. सहावा, बऱ्याच गोष्टी मिळून एक वस्तू बनणं.
चौथ्याचं प्रॅक्टिकल घेतलं. सकाळची फवारणी दिपालीनं एकटीनं केली होती, त्यामुळे ती बोलत नव्हती. मी म्हणालो, लेट अस मेक अप. ती म्हणाली, आदी पंप धुवून ठेवा.

२४ फेब्रुवारी
इंदापूरला गेलो, मार्कर आणायला. वाटेत अविराजचं फ्लेक्सचं दुकान लागतं. तो म्हणाला, सर, तुमचं हुनारच हाय, फोटो दिऊन ठिवा, ऐनवेळी डिझाइन होत न्हाय. बरोबर आहे त्याचं. फोटो काढला. अंगातला कोट त्याच्या कॉम्प्युटरमधला. मजकूर मीच सांगितला: 'अंथुर्णे गावचे सुपुत्र प्रा. दादासो सावळाराम कोकरे सर यांची इंग्रजीच्या प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक अकरा. त्यातल्या चौघांना विचारायचं राहिलं.
निकालाआधी लावायचा नाही, असं बजावून आलो. मार्कर विसरला.

२६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. उपवासाला इंग्रजी चढत नाही.

२७ फेब्रुवारी
अविराजचा फोन. फाट्यावरच्या चौकटीतला वाढदिवसाचा फ्लेक्स उतरला, आज आपला न्हाय लावला तर दुसरं कुनीतरी जागा धरंल. विचार केला. तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे. उलट आधी लावल्यानं आत्मविश्वास वाढतो. लाव म्हणालो.
संध्याकाळी आप्पा फाट्यावर जाऊन आले. आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, आयुष्य मेंढरांमागं गेलं. शाळेची पायरी चढले नाहीत. एसटीच्या कंडक्टरकडून फ्लेक्स वाचून घेतला म्हणे. मला विचारलं, निवड झाली व्हय रं? म्हणालो, झाल्यासारखीच. पुढं काही न ऐकता पेढे आणायला गेले.

१ मार्च
आप्पा दिवसातून दोनदा फाट्यावर जातात. जो भेटेल त्याच्याकडून वाचून घेतात. मोरगावहून छबूआत्या टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन आली. नको म्हणणं बरं दिसत नाही. दिवसभर माणसं. तयारी झाली नाही, पण वातावरणनिर्मिती उत्तम.

२ मार्च, रविवार
अकॅडमीच्या मॅडम इंदापूरहून रोज ये-जा करतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यात आमचा फाटा लागतो. शांतपणे म्हणाल्या, सर, तुमची निवड झालेली मी परवाच वाचली, आता शिकवूनही दाखवता का? पोरं हसली.
फळ्यावर मेक अप लिहिलं. पहिला अर्थ सांगितला. दुसऱ्याला उदाहरण आठवेना. मॅडमकडं बघितलं की फ्लेक्सच डोळ्यासमोर यायचा. पहिल्या बाकावरच्या सृष्टी नावाच्या मुलीनं पुढचे चार सांगितले. नवव्या मिनिटाला बाहेर.
एकंदरीत बरं झालं. कळवू म्हणाल्या. नाहीच घ्यायचं असतं तर तोंडावर सांगितलं असतं.

५ मार्च
कळवलं. दुसऱ्याची झाली. टेन्सवाला.
फ्लेक्स काढायला फाट्यावर गेलो. लोक सर, सर म्हणून नमस्कार करायला लागले. चहा पिऊन परत आलो.

६ मार्च
दिपालीला सांगितलं. ती ओरडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाली, आप्पांना तुमीच सांगा, मी न्हाय सांगनार. उद्या सांगतो.

७ मार्च
आप्पांचा मूड फार चांगला होता. उद्या.

८ मार्च, शनिवार
सकाळीच आप्पा फाट्यावरून आले. बगलेत गुंडाळी. चौकटीवरचा फ्लेक्स स्वतः सोडवून आणला होता. आभाळ आलंय, कडबा भिजंल, म्हणाले. अंगणात पसरला. मग म्हणाले, इतकं दिस दुसऱ्यांकडनं वाचून घेतलं, आता तू वाच.
वाचायला लागलो. 'प्रा.' गाळला. दादासो सावळाराम कोकरे सर यांची, इथपर्यंत आलो आणि आप्पांनी हात वर केला. म्हणाले, फुडचं ऱ्हाऊ दी. फुडचं झालं न्हाय, ते कवाच कळलंय मला. नाव तेवढं परत वाच.
परत वाचलं. मधलं नाव त्यांचं आहे, हे लिहून देताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला फार लाज वाटली.
दोघांनी मिळून फ्लेक्स कडब्यावर टाकला. फोटोची बाजू आप्पांनी आत घातली. उन्हानं तोंड उडंल, म्हणाले. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. दहाला लाईट येते, डाळिंबाला पाणी सोडायचं आहे. दिपालीनं वहीच्या पहिल्या पानाची आठवण करून दिली नाही. मीच काढून बघितलं.