सावत्र आई म्हणून सही

३ फेब्रुवारी १९४३
सुमीचा गुडघा आज नारळाएवढा. ताप उतरत नाही. धाकट्या दिरांनी, भावजींनी, तापल्या सळईनं डाग द्यायला माणूस बोलावलाय, परवा येणार. मी म्हटलं सांगलीला इस्पितळात नेऊ. तर म्हणाले, तिथं पाय कापत्यात, दादा आल्यावर त्याला काय तोंड दावू? हे पलटणीत, सिंगापूर पडल्यापासून ह्यांची खबर नाही. भावजी वाईट नाहीत, भ्यालेत. पण त्यांच्या भीतीपायी पोरीला डागू देणार नाही.

५ फेब्रु., सांगली
उजाडायच्या आत निघालो. कोणाला सांगितलं नाही. कराडहून कोळशावरची मोटार. चढ आला की सगळ्यांना उतरवायची. सुमी पाठुंगळी. चळवळीपायी हल्ली जागोजाग पोलीस. आष्ट्यापुढे एका शिपायानं अडवलं. पोर कोणाची? माझ्या नवऱ्याची, म्हटलं. मग तुमची न्हाई व्हय? पहिलीची, ती वारली. सुमी मला सगळ्या घरासारखी वैनीच म्हणते. नेमकं तेव्हाच म्हणाली, वैनी, पानी. शिपाई बघतच राहिला. मी तिला पाणी पाजलं. सोडलं शेवटी.

६ फेब्रु.
डॉक्टर माणूस भला वाटला. पू हाडाला लागायच्या आत चिरा द्यायला हवा म्हणाले. पण सही पालकाची. नातं विचारलं. सावत्र आई. त्यांनी टाक परत घेतला. बाप नाही तर बापाच्या घरचा पुरुष आणा म्हणे.
नुसतं 'आई' म्हटलं असतं तर कोण बघायला येणार होतं? सुचलं होतं. पण मी काय चोरी केलीय?

७ फेब्रु.
माहेरच्या ओळखीच्या वकिलांकडे. कायद्यानं पालक बाप, मग जन्माची आई. सावत्र आईला आपोआप हक्क नाही. मग म्हणाले, कोर्टानं नेमल्याशिवाय चुलत्यालाही नाही. हे गावात कोणाला ठाऊक नसणार.
घरचे पोर पळवली म्हणतील, मी म्हटलं. बापानं जाताना पोर कोणाच्या हवाली केली, त्यांनी विचारलं. कराड स्टेशनवर ह्यांनी तिचा हात माझ्या हातात दिला होता. हिचं सगळं तू बघायचं, म्हणाले होते. वकील म्हणाले, मग पळवली असं होत नाही. बापानं ज्याच्या हवाली केली तोही पळवण्याच्या कलमात पालकच. साक्षीला कोण होतं?
भावजी. ट्रंक घेऊन शेजारीच उभे होते. वकील हसले. मला हसू आलं नाही.

८ फेब्रु.
सुमी ग्लानीत. डॉ.ना म्हटलं, "ही गेल्यावर बापाच्या घरचा पुरुष येऊन काय करणार?" त्यांनी तिची नाडी पाहिली. मग कागद पुढे सरकवला. लिहिलं: सावत्र आई, वडिलांनी पोर हिच्या हवाली केली आहे. ठळक अक्षरात.
चिरा दिला. पाय आहे.

११ फेब्रु.
भावजी आले, गावाकडचा हवालदार घेऊन. ही हद्द संस्थानची, इंग्रजी मुलखातल्या हवालदाराचं काही चालेना. म्हणून इथल्या फौजदारांकडे अर्ज, पोर पळवली म्हणून. फौजदारांनी खाटेशी येऊन सुमीला विचारलं, तुला कोणी आणलं?
"कुनी न्हाई. मीच म्हटलं, चला. मला डाग नको हुता."
भावजींनी चादर उचलून दोन्ही पाय पाहिले. हळूच पुन्हा झाकले. अर्ज मात्र मागे घेतला नाही.
"घरात इचारलं न्हाई तुमी," एवढंच म्हणाले.
"विचारलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

१४ फेब्रु.
उद्या मॅजिस्ट्रेटपुढे. वकील म्हणतात, भावजींना शपथेवर एकच विचारायचं, भावानं पोर कोणाच्या हाती दिली? खोटं बोलले तर मी आरोपी आणि सुमी गावाकडे. खरं बोलले तर अर्ज करून स्वतःच तोंडघशी पडले, असं चारचौघांत होणार.
संध्याकाळी भावजी आले होते, सुमीला पेरू घेऊन. तिला कापून दिले. उद्याचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही. विनवणी करणार नाही.
गुरुवारी पट्टी सोडून गुडघा वाकतो का ते बघायचंय. त्या वेळी मी खाटेशी असणार, असं डॉ.ना सांगून ठेवलंय.