शिकवणीच्या गाडीतली दहा मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार

तक्रार गेली! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मालकांना फोन केला — "तुमच्या मॅडम इतक्या ओरडतात की क्लच कुठे आणि ब्रेक कुठे तेच मला कळेनासं होतं." घरी जाऊन रडल्या म्हणे. मालकांनी ऑफिसात बोलावून दार लावलं. "एकोणीस वर्षं गाडी शिकवताय. आधी अशा नव्हता. आता आणखी एक तक्रार आली तर माझा नाइलाज आहे."

संध्याकाळी ताईला फोन. ती नर्स, तिच्याकडे सगळ्यावर उपाय. "रोज दहा मिनिटं डोळे मिटून बस. श्वास मोज. एक ते दहा, परत एकपासून. बाकी काही करू नकोस." एवढंच? बघू.

४ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मांडी घालणं गुडघ्यांना मंजूर नाही. एक, दोन, तीन — गॅस संपत आला का? एक, दोन — बाई गाडी मागे घेताना आरशात का बघत नाहीत! यांनी दारातून डोकावलं. "अगं, घरात एक ध्यान होतं ते पुरे नव्हतं का?" हसू फुटलं. दहातली सहा मिनिटं त्यातच गेली.

५ फेब्रुवारी

डुलकी लागली. स्टुलावरून पडता पडता वाचले.

१० फेब्रुवारी

घरात जमत नाही. कुकर, बेल आणि हे! आज कामावर पंधरा मिनिटं आधी गेले आणि शिकवणीच्या गाडीतच बसले, माझ्या नेहमीच्या सीटवर. काचा वर. बाहेर झाडूचा आवाज. मध्येच लक्षात आलं — गाडी बंद, किल्ली पर्समध्ये, आणि माझे खांदे कानांपर्यंत चढलेले! खाली सोडले. दोन श्वासांत परत वर. किती वेळा सोडले कोण जाणे. पण मोजणी सातापर्यंत गेली.

१५ फेब्रुवारी

दहापर्यंत! दोनदा!

डॉक्टरीणबाईंनी चढावर तीनदा गाडी बंद पाडली. मागून हॉर्नचा नुसता गोंधळ. मी म्हटलं, "वाजवू देत. तुम्ही सावकाश घ्या." त्यांनी चमकून पाहिलं. "मॅडम, बरं नाही का तुम्हाला?"

१८ फेब्रुवारी

आज डोळे मिटले आणि तो सायकलवाला आला. दोन वर्षांपूर्वीचा, वळणावरचा. शिकवणीच्या गाडीनेच उडवलं त्याला. चालवत होती औषधाच्या दुकानातली मुलगी — तिचा नववा दिवस. त्याचा पाय मोडला. आता बरा आहे, पुन्हा सायकल चालवतो. "शिकाऊ मुलगी घाबरली, ब्रेक दाबला नाही," असं कागदावर आहे. मीच लिहून दिलं होतं.

तीनच्या पुढे मोजता आलं नाही.

१९ फेब्रुवारी

बसले नाही. कंटाळा.

२० फेब्रुवारी

बसले नाही. कंटाळा कसला — भीती वाटते.

२२ फेब्रुवारी

ताईला इतकंच सांगितलं, की नको ते आठवतं. म्हणाली, "आलं तर येऊ दे. हाकलू नकोस, पाहुणचारही करू नकोस. आपलं आपण जाईल."

बसले. तो आला, गेला. मागोमाग ती मुलगी आली, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून. ती काही गेली नाही.

दुपारी मालक खूश! "डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन करून कौतुक केलं तुमचं. नवी गाडी आली की तुमच्याच हातात." मी मान डोलावली. डबा न उघडताच घरी परत आणला.

२५ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात जाऊन आले. खोकल्याचं औषध मागितलं, खोकला नसताना. तिने ओळखलं, हसली. परत शिकायला ये ना, असं मीच म्हटलं — काय तोंडाने म्हटलं! "नको हो मॅडम. सोडली ती सोडलीच. दोन बस बदलून येते, पण बरं आहे. माझ्या हातून माणूस गेला असता." मी बाटलीवरची तारीख वाचत उभी.

घरी हे म्हणाले, "खोकला कुणाला झालाय?"

२७ फेब्रुवारी

सकाळी मालकांना पुन्हा लिहून दिलं, या वेळी खरं. गाडीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून दुकानात गेले. तिला सांगितलं — नवशिक्यांचा पाय चुकतोच, म्हणून तर शेजारी मी असते. तू "मॅडम!" म्हणून ओरडलीस तेव्हा मी मांडीवरचा फोन वाचत होते.

तिने हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. म्हणाली, "दोन वर्षं, मॅडम?"