मेणातला चुना

सोमवार, ४ जानेवारी १९३७

आज अंगाला सडक्या अंड्यांचा वास घेऊन घरी आले. आईनं दारातच अडवलं — काय खाऊन आलीस? सांगितलं, हायड्रोजन सल्फाइड. तिला वाटलं, इराण्याकडचा एखादा पदार्थ! सरळ न्हाणीघरात पिटाळलं आणि लुगडं परसात टाकलं.

कॉलेजात प्रत्येकाला एक भुकटी देतात. नाव सांगत नाहीत. ती कशाची, हे आपण शोधायचं. एकेक द्रव घालत जायचं आणि नळीत साका बसतो का बघायचं. बसला तर अमुक असेल, नाही बसला तर तमुक नाही. वर्गात मुलगी मी एकटीच. माझं उत्तर चुकलं की मुलं खोकतात. सगळ्यांना एकदम खोकला!

गुरुवार, ७ जानेवारी

वहिनीच्या कपाळावर कुंकवाखाली डाग दिसतोय. आधी लाल होता, आता पांढरट. आईनं हळदीचा लेप लावून पाहिला. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं, डाग पाहिला, पुन्हा वर केलं.

मंगळवार, १२ जानेवारी

शेजारच्या कुसाबाई तीळ मागायला आल्या आणि जाताना म्हणाल्या, "कोडच हो हे." कुजबुजण्याची पद्धत त्यांच्याकडे नाही. अर्ध्या गल्लीनं ऐकलं असणार.

रात्री आईचा निकाल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनीनं माजघरातून बाहेर यायचं नाही. रथसप्तमी झाली की तिला येवल्याला माहेरी पोचवायचं, ते कायमचंच. मग दादाचं दुसरं बघायचं. दादा जेवत होता. आमटी अळणी आहे एवढंच बोलला आणि वाटी भिंतीवर मारली. दादा तापट आहे. पण मनानं चांगला आहे असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे आई.

वहिनीनं भिंत पुसली, मग माळ्यावरची ट्रंक खाली काढून लुगडी भरायला घेतली. डोळ्यांत टिपूस नाही. काय धीराची बाई! रडले मीच. ती गेली तर या घरात माझ्याशी बोलणारं कोण राहणार? साके नि गाळण्या मुकाट्यानं ऐकून घेणारी ती एकटी. मी नाही तिला जाऊ देणार.

शुक्रवार, १५ जानेवारी

हळदीकुंकू पार पडलं. येईल ती विचारी, सूनबाई दिसत नाहीत? अंग मोडून आलंय, असं आई सांगे. कुसाबाई शेजारी बसून मान हलवत होत्या. म्हणजे कोणाचाच विश्वास बसला नाही.

मी वाण वाटताना विचार करत होते. डाग बरोबर कुंकवाएवढाच आहे. तसाच गोल, तेवढाच. कोड काय कुंकवाची टिकली बघून तिच्या मापानं उठतं? कपाळाला लागतात त्या वस्तू दोन — आधी बोटानं मेण, त्यावर कुंकू. दोन्हींची परीक्षा करायची! आईचं मेण आणि कुंकूही न्यायचं, म्हणजे ताडून पाहता येईल.

वहिनीकडे फणेरपेटी मागितली. म्हणाली, "मेण कशाला, वन्सं? कुंकूच न्या." मी दोन्ही घेतली. शास्त्रात अर्धवट चालत नाही.

सोमवार, १८ जानेवारी

फजिती! चारही पुड्यांत चुना निघाला. वहिनीच्या मेणात, कुंकवात, आईच्या मेणात, कुंकवात. मग नुसतंच पाणी तपासलं, तर त्यातही चुना.

नेऊरगावकर सरांनी विचारलं, नळ्या कशानं धुतल्यास? गंगेच्या पाण्यानं. ऊर्ध्वपातित पाणी संपलं होतं, आणि घरून तांब्याभर आणलेलं होतं. गंगेहून शुद्ध ते काय? सर शांतपणे म्हणाले, "गंगेनं पाप जातं, चुना जात नाही."

खोकला.

शनिवार, २३ जानेवारी

प्रयोगशाळेतल्या हारुनमियाँकडून ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली मिळवली. देताना त्यांचा चेहरा असा, की जणू घरचं तूप देतायत.

सगळं पहिल्यापासून केलं. आईचं मेण आम्लात उकळलं. मेण वर तरंगलं, गाळलेल्या पाण्यात काही नाही. दोघींच्या कुंकवात नावापुरतं. वहिनीच्या मेणात आम्ल पडताच बुडबुडे! गाळून घेतलं. सल्फाइडनं साका नाही. अमोनियम कार्बोनेटनं मात्र पांढरा साका. तो विरघळवून ऑक्झलेट घातलं, पुन्हा पांढराशुभ्र. तारेवर धरून ज्योतीत नेलं, तर ज्योत विटकरी. चुना. शंकाच नाही.

सरांनी स्वतः नळी उजेडात धरून पाहिली आणि बरोबर म्हणाले. आज कोणी खोकलं नाही.

रविवार, २४ जानेवारी

जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. मेण आईनं एकाच कढईत दोघींसाठी कढवलेलं. आईच्या डबीत चुना नाही, वहिनीच्या आहे. म्हणजे मागाहून पडला. कोणाच्या हातून? दादा पान लावतो ते आरशासमोर बसून, आणि चुन्याचं बोट दिसेल तिथं पुसतो. फणेरपेटी तिथंच! चुन्यानं कातडी भाजते, हे तोंड आलेल्या कोणालाही ठाऊक आहे. कोड नाही, काही नाही.

अण्णांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. आई दादावर जी सुटली! बोटं पुसायला धोतर नाही का तुला? दादाला कोणी काही बोललेलंही मी पहिल्यांदाच ऐकलं. आईनं डबी फेकून दिली, नवी दिली, आणि येवल्याचा बेत रद्द झाल्याचं तिथंच सांगून टाकलं.

वहिनी दारात उभी होती. "पुरे आता, वन्सं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. आनंदानं बोलवेना बिचारीला.

बुधवार, ३ फेब्रुवारी

डाग फिका पडला! ट्रंक माळ्यावर गेली. मीच चढवली.

शनिवार, १३ फेब्रुवारी

कपाळ जवळजवळ स्वच्छ. कुसाबाई म्हणतात, मी कुठं कोड म्हटलं होतं?

रथसप्तमी

दुपारी वहिनी माझी वेणी घालत होती. मी म्हटलं, वाचलीस की नाही माझ्या शास्त्रानं? तिनं पेड घट्ट ओढला.

मग म्हणाली, "चुना मीच कालवत होते, वन्सं. आपण होऊन माहेरी गेले तर बाबा परत आणून सोडतात. दोनदा सोडलं. तुम्ही आजारी म्हणून धाडलं असतं, तर ठेवून घेतलं असतं."

तुला जायचं तरी कशाला होतं, मी विचारलं. तिनं पोलक्याची बाही वर केली. दंडावर दादाची बोटं उमटली होती, काळीनिळी. जुनीही होती, कालचीही.

बाहेर बायका जमल्या होत्या. आईनं हाक मारली, सूनबाई, या बाहेर, बघू दे सगळ्यांना कपाळ. वहिनीनं बाही खाली केली आणि गेली.