संन्याशांची झाडी

मंगळवार, ४ जून

शाळेमागची झाडी तोडून फुटबॉलचं मैदान करायचं घाटतंय. दुसरं मैदान! पहिल्यावर गुरं चरतात, कारण खेळाडू सगळे दुकानासमोर बसलेले असतात.

त्या झाडीत लांब शेपटीचे हमिंगबर्ड गातात. पुस्तकात त्यांना 'संन्यासी' म्हणतात. कसले संन्यासी — वीसेक नर आपापली काटकी धरून दिवसभर एकच सूर लावतात, शेपटी हलवतात, मादीची वाट बघतात. मादी येते, एकाला पसंत करते, जाते. घरटं, अंडी, पिल्लं सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात. ही झाडी गेली तर गाणं गेलं.

आईला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे तुझे मामाच की. हे शिकायला विद्यापीठात गेली होतीस?"

रविवार, ९ जून

गावसभा. मी पाऊण तास बोलले. अध्यक्ष सेगुंदोकाका झोपले, ती मी संमती धरली.

मग आई उठली. "आमच्या घरात शिकलेलं हे एकच माणूस. ती म्हणते पक्षी हवेत, तर हवेत. ज्याला लाथा मारायच्यात त्यानं जुन्या मैदानावर माराव्यात." बायकांचे सगळे हात वर.

झाडी वाचली. माझ्या भाषणामुळेच, अर्थात.

बुधवार, १२ जून

झाडी राखीव म्हणून सरकारदरबारी नोंदवायला होडीनं एस्मेराल्दास शहराला निघाले. शनिवारी परत.

शनिवार, १५ जून

गावानं मला चकित करायचं ठरवलं होतं. मिंगा काढली, गावकीचं श्रमदान — घरटी एक माणूस, हातात कोयता. खालचं सगळं रान साफ! मोठी झाडं तेवढी ठेवली, बुंध्यांना चुना फासला.

"आता तुझे पक्षी नीट दिसतील, बाईसाहेब," सेगुंदोकाका म्हणाले. दुकानासमोरचे झाडून सगळे आले होते. आयुष्यात पहिल्यांदा काम केलं, आणि काय मन लावून केलं!

पक्षी त्या खालच्या गचपणातच बसायचे. आता एक काटकी नाही. एक सूर नाही.

आई सगळ्यांना नारळाच्या रश्शातला मासा वाढत होती. तळहाताला फोड आले होते तिच्या. "कुठे गं गातात?"

"शनिवारी सुट्टी असते त्यांना."

सगळे हसले. फार सुंदर झालंय, असं मी म्हणाले. दोनदा.

रविवार, १६ जून

रविवारीही सुट्टी.

सोमवार, १७ जून

पहाटे आई घरात नव्हती. झाडीत सापडली. तोडून टाकलेल्या ढिगातल्या फांद्या ओढून आणत होती, एकेक मातीत उभी रोवत होती.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती उंचीवर बसतात, ते सांग आधी."