छापील किमतीला कोण घेतं?

३ मार्च, सोमवार
घरदुरुस्तीसाठी साठवत आलेल्या बांधकाम-बचतीची मुदत भरली, पैसे खात्यात आले. छपराचं काम मी मागेच स्वस्तात उरकलं होतं, त्यामुळे रक्कम अख्खी शिल्लक. जेवताना नवऱ्याला, ऑयगेनला, विचारलं, काय करू या. मला वाटलं, मुदत ठेव म्हणेल. त्याने सूपचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, टालिओ.
टालिओ म्हणजे इथल्या कारखान्याने या महिन्यात काढलेली नवी स्पोर्ट्स कार. दोनच सीट, छत बटणाने उघडतं. नवऱ्याने जन्मभर असल्या गाड्यांच्या सीटांवर चामडं शिवलं, पण पुरवठादाराकडे राहून, कारखान्यात नव्हे. म्हणून कामगारांना मिळते ती सूट आम्हाला नाही. मनाला लागलेली गोष्ट आहे, पण ते असो.
त्याचं एकच म्हणणं. छत उघडून बोडन सरोवरापर्यंत जायचं, चालवणार तो, शेजारी मी. त्याचा खुबा झिजत चाललाय आणि हृदयामुळे ऑपरेशन होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तेव्हा जायचं ते आता.
मी हो म्हटलं. संसारात एकदा तरी मन मोठं करावं. अट एकच घातली: छापील किमतीला घ्यायची नाही. सूट मिळेल त्यातला दहावा हिस्सा चर्चच्या मिशनला. म्हणजे ही हाव नव्हे, हे सगळ्यांना कळेल. कळवणार कोणालाच नाही, ते वेगळं.

६ मार्च
शोरूमला गेलो. विक्रेते हेर, म्हणजे श्रीयुत, त्सायर, चकचकीत बूट. टालिओ मध्येच उभी, पिवळी. ऑयगेन गाडीच्या दाराच्या दिशेने निघाला, तशी मी त्याची बाही धरली. घरून निघतानाच बजावलं होतं: गाडीत बसायचं नाही. एकदा बसलं की चेहऱ्यावर दिसतं, आणि चेहऱ्यावर दिसलं की सूट गेली. तो काचेतून नुसती शिवण बघत राहिला.
हेर त्सायर म्हणाले, सूट नाही, वर वेटिंग लिस्ट आहे. मी हसले. ते हसले नाहीत. मग टेस्ट ड्राइव्ह घ्या म्हणाले. तीही नाकारली. फुकट फेरीचा मिंधेपणा नको.
आमच्या वरच्या मजल्यावरचे हेर व्हीझेमान तिथेच होते. त्यांनी छापील किमतीवर सही ठोकली. वर पिवळ्या रंगाचे जास्तीचे पैसे. जास्तीचे किती, ते मी मनात मोजले. दुसऱ्याच्या पैशाचाही हिशेब सुटत नाही, हा माझा स्वभाव.
बाहेर आल्यावर ऑयगेन म्हणाला, "हेडविग, किंमत थांबेल. माझा खुबा थांबणार नाही."
म्हटलं, खुब्याचं खुब्याच्या जागी, किमतीचं किमतीच्या जागी.

२७ एप्रिल
अॅस्परॅगसचे कोंब बाजारात आले. पहिल्या आठवड्याचा भाव ऐकून लोक मुकाट पैसे काढतात. मी कधीच नाही. मी जूनमध्ये घेते, हंगाम संपताना, बारीक आणि तुटके. सूपला तेच लागतात. गाडीचंही हेच गणित. माल थोडा, गिऱ्हाईक फार, म्हणून भाव चढा. गिऱ्हाइकांची हौस फिटली की माल साचतो. यासाठी कॉलेजात जावं लागत नाही, मी शाळेपुरतीच शिकले तरी मला दिसतं.
ऑयगेन म्हणाला, जाडे अॅस्परॅगस त्याने शेवटचे लग्नात खाल्ले होते. म्हटलं, बघ, आठवण किती ताजी राहिली.

८ मे
आज देवानेच वाट दाखवली. हेर त्सायरकडे पुन्हा गेले होते. तिथली कॉफी फुकट असते, दोन घेतल्या. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघालं, की अपंगत्वाचं कार्ड असलं तर कारखाना सरसकट पंधरा टक्के सूट देतो, नव्या मॉडेललासुद्धा. पण कार्डासाठी पन्नास टक्के अपंगत्व लागतं.
ऑयगेनचे चाळीस आहेत. सरकारी कागद घरातच आहे. फक्त दहाच कमी.
म्हणजे बाजार फिरायची वाट बघायलाही नको. खुबा लाखाचा निघाला.

१९ जून
ऑयगेनला तपासणीला नेलं. खोटं बोलणं पाप, त्यामुळे खोटं बोल असं मी सांगितलं नाही. इतकंच सांगितलं, की उगाच शूरपणा दाखवू नकोस, दुखलं तर दुखू दे. तर हा माणूस दवाखान्याचा जिना शीळ घालत चढला. वर डॉक्टरीणबाईंना खुर्ची सरकवून दिली. वाकून.
चाळीसच राहिले. परतताना बसमध्ये विचारलं, शीळ कशासाठी. तो म्हणाला, आज बरं वाटत होतं, त्याला काय करणार.
बरं वाटायला दुसरा दिवस नव्हता.

१३ जुलै, रविवार
व्हीझेमानांची गाडी आली. पिवळीजर्द. प्रार्थना सुटायच्या वेळी चर्चसमोरून छत उघडं टाकून गेले. पास्टरसाहेबांनी मान फिरवून बघितलं. मी नाही बघितलं. मागे मॉडेलचं नाव चांदीच्या अक्षरांत आहे, ते तेवढं दिसलं.
दुपारी ते खाली आले. ऑयगेनला म्हणाले, चला शेजारी, एक चक्कर, हवं तर तुम्ही चालवा. ऑयगेनने किल्ली हातात घेतली, वजन बघितलं आणि परत दिली. म्हणाला, पहिल्यांदा बसेन तो आमच्या गाडीत, हेडविगबरोबर.
मला समाधान वाटलं. माझं धोरण त्याला पटलंय.

२ ऑक्टोबर
सकाळी हेर त्सायरचा फोन. कोणीतरी मागे हटलं, चंदेरी टालिओ तयार उभी आहे, छापील किंमत, वर हिवाळ्याचे टायर फुकट. दुपारपर्यंत सांगा.
ऑयगेनने फोन संपायच्या आत कोट चढवला होता. मी त्याला खाली बसवून समजावलं. टायर म्हणजे सूट नव्हे, टायर म्हणजे टायर. आणि विक्रेता आपण होऊन फोन करतो म्हणजे त्याचं धाबं दणाणलंय. आता आपण शांत राहायचं.
गाडी दुपारीच एका दातांच्या डॉक्टरने नेली. हेर त्सायर तसं म्हणाले तरी. मी काही विश्वास ठेवला नाही.
ऑयगेन संध्याकाळपर्यंत कोट घालूनच बसला होता. घरात थंडी होती, हे खरं. शेगडी नोव्हेंबरात लावतो.

११ फेब्रुवारी
बर्फ. जिना आणि फूटपाथ झाडायचा आठवडा आमचा. दरवर्षी ऑयगेन झाडतो, यंदा मी. त्याने काठी घेतलीय. नवी घ्यायची गरज पडली नाही, माझ्या वडिलांची होती. थोडी आखूड आहे, पण चालतं.
बातमी: कर्जाचं व्याज वाढलं, लोक स्पोर्ट्स कार घेईनासे झाले. हेर त्सायर तीन टक्के म्हणाले. मी फोनवर एवढंच म्हटलं, "हं." त्या हुंकाराचा परिणाम दिसेलच.
मिशनला विसावा हिस्साही पुष्कळ होईल. पास्टरसाहेब स्वतःच म्हणतात, मनापासून दिलेलं थोडंही चालतं.

२५ एप्रिल
सहा टक्के. शोरूमच्या मागच्या अंगणात टालिओ रांगेने उभ्या आहेत. कुंपणावरून मोजल्या नाहीत, पण पुष्कळ. व्हीझेमान जिन्यात भेटले, त्यांना हे मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "फ्राऊ श्लॉटरबेक, मी एक उन्हाळा आल्प्समध्ये भटकून आलो. ते किती टक्क्यांत धरायचं?"
उधळ्या माणसांना हिशेब जमत नाही.
ऑयगेन हल्ली पायमोजे माझ्याकडून घालून घेतो. तपासणीला परत जायचं ठरवलं. यावेळी काही समजावलं नाही.

२१ मे
पन्नास.
कार्ड पोस्टाने आलं. मी स्वयंपाकघरातच गुडघे टेकले. मागून लक्षात आलं, की आपण कशाबद्दल आभार मानतोय. म्हणून पुन्हा टेकले आणि स्पष्ट केलं: आभार कार्डाबद्दल, खुब्याबद्दल नाही. वर फरक कळत असणार.
ऑयगेनने कार्डावरचा आपला फोटो बराच वेळ बघितला. म्हणाला, वडिलांसारखा दिसायला लागलो.

३० मे
सही केली. पंधरा टक्के. हेर त्सायरने पेन पुढे केलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हार दिसत होती. रंग राखाडी, तो फुकट असतो; अंगणात राखाडी नाही, कारखान्यातून यायला तीन महिने. मागचं मॉडेलचं नाव काढायला सांगितलं. ते काढायचे पैसे पडत नाहीत, आणि चर्चसमोर उभी केली तर कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. ज्याला ओळखायची तो ओळखेलच.
हेर त्सायर म्हणाले, एकदा बसून तरी बघा, शोरूमची उभी आहे. ऑयगेन म्हणाला, आता आपली आल्यावरच. मी म्हटलं, सवयच लागली त्याला.
मी स्कार्फ काढून ठेवला. जुनाच, पण उघड्या गाडीत शोभेल असा. सरोवराकाठी खायला ब्रेड आणि सॉसेज घरूनच न्यायचे, तिथली हॉटेलं लुटतात.

४ सप्टेंबर
आज गाडी मिळाली. नीट लिहिते.
शोरूममध्ये गाडीवर लाल कापड होतं. हेर त्सायरने ते ओढलं. सुंदर. राखाडी असूनही सुंदर, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. ऑयगेनने हात पुसून दार उघडलं. सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, टाका बरोबर पडलाय.
मग काठी माझ्याकडे दिली आणि बसायला गेला.
सीट फार खाली असते या गाड्यांची. जवळजवळ रस्त्यावरच. आधी उजवा पाय घातला, खुबा वळेना. डावा घातला, तर उजवा बाहेर राहिला. पाठमोरा होऊन टेकायला गेला आणि वाटेतच अडकला. हेर त्सायरने आधी उशी आणली, मग दुसरा माणूस आणला. दोघांनी काखेत धरलं. ऑयगेनच्या तोंडून एक आवाज आला, तो मी बाळंतपणात काढला होता तसा. त्यांनी सोडलं.
पलीकडची बाजूही बघितली. तीही तेवढीच खाली.
मी विचारलं, ही जरा उंच करून मिळते का. हेर त्सायर म्हणाले, उंच गाड्या वेगळ्या, त्यांना सध्या फार मागणी आहे, वेटिंग लिस्ट आहे, सूट नाही.
ऑयगेनने दार हळूच लावलं. म्हणाला, "तू घेऊन ये. मी बसने येतो."
इतक्या वर्षांनी गाडी चालवली, चौकात दोनदा बंद पडली. छत उघडलं नाही. रांगेत पुढेच बस होती. मागच्या काचेतून त्याची टोपी दिसत होती, थेट आमच्या गल्लीपर्यंत.
निघताना शोरूमच्या काचेवर नवा बोर्ड लावत होते. टालिओ, सर्वांना अठरा टक्के. हेर त्सायरला विचारलं, यात आमचे पंधरा मिळवता येतील का. नाही म्हणाले.

१५ सप्टेंबर
परत करायचं विचारून बघितलं. नोंदणी झाली म्हणजे ती जुनी गाडी, घेतील ते बाजारभावाने. तो भाव मी लिहीत नाही. व्हीझेमान म्हणाले, त्यांनी आपली विकली, गेल्या वर्षी माल कमी होता तेव्हाच, जवळपास घेतल्या किमतीला. नशीब एखाद्याचं.
आपण थांबायचं ठरवलंय. मागणी वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. तोवर गाडी गॅरेजात जुन्या चादरीखाली सुरक्षित आहे. मिशनचं सूट मिळाल्यावर ठरलं होतं, आणि ही काही खरी सूट म्हणता येणार नाही.
ऑयगेनला रागावलास का विचारलं. म्हणाला, कोणावर?

२८ सप्टेंबर
सकाळी ऑयगेन दाढी करून, टोपी घालून उभा. त्या कार्डावर साध्या रेल्वेगाड्या फुकट आहेत, सरोवरापर्यंत. मलाच कळलं नव्हतं. म्हणाला, येतेस का.
चौकशी केली. माझं तिकीट पूर्ण भाड्याचं, सवलत नाही. मी म्हटलं, तू हो पुढे, हंगाम संपला की भाडं उतरेल, तेव्हा दोघं जाऊ. ब्रेड-सॉसेज बांधून दिलं.
संध्याकाळी आला. सरोवर कसं होतं विचारलं. म्हणाला, आहे तिथेच आहे. पायमोजे काढून दिले तेव्हा पुढे म्हणाला, "जाताना-येताना शेजारची सीट रिकामीच होती."
म्हणजे गिऱ्हाईक नाही. भाडं नक्की उतरणार.