तीन लाल ठिपके

१८ जानेवारी २०२६, रविवार

अंबादास! सकाळपासून आमचा सगळा आकाशनिरीक्षण क्लब अंबादास-अंबादास करतोय. सात वाजता त्याने ग्रुपवर रोझेट तेजोमेघाचा फोटो टाकला, दुपारपर्यंत चौसष्ट अंगठे. माझ्या फोटोला कधी वीसच्या वर आले नाहीत. क्लब चालवणाऱ्या गंधालीताईंनी तर लिहूनच टाकलं — "यंदा दर्शनी भिंतीवर हाच!" एक फेब्रुवारीच्या प्रदर्शनातली दर्शनी भिंत. तीन वर्षं तिथे माझा फोटो लागतोय.

लिफ्ट दुरुस्त करतो हा माणूस. गोवंडीला राहतो. क्लबात येऊन धड दोन वर्षंही झालेली नाहीत. डोक्यावर देवनारच्या डंपिंगचा धूर, आणि म्हणे त्यातून तेजोमेघ! मी मुलुंडला, डोंगराच्या बाजूला, बाराव्या मजल्याच्या गच्चीवर दुर्बीण लावते. मला तेजोमेघ इतका लाल कधी मिळाला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

१९ जानेवारी

झोप नाही. नितेश म्हणतो, "अगं, फोटोच आहे ना यार!" असा नवरा असण्यापेक्षा दुर्बिणीचा स्टँड बरा.

२० जानेवारी, मंगळवार

सापडलं!!

त्याने फोटोखाली एक कच्ची फ्रेमही टाकली होती — "एका फ्रेममध्ये कायच दिसत नाही बघा, दोनशे एकावर एक रचल्या की मग उमलतं." आम्हालाच शिकवतोय! ती फ्रेम मोठी करून बघितली. डावीकडे खाली तीन लाल ठिपके. दोन जवळजवळ, तिसरा जरा वर. ते तारे नाहीत. कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवरचे बिघडलेले बिंदू आहेत, प्रत्येक कॅमेऱ्याचे वेगळे, बोटांच्या ठशांसारखे. हे तीन मी झोपेतही ओळखीन. २०२३ मधल्या माझ्या प्रत्येक फ्रेमवर आहेत!

तेव्हा नवशिक्यांना सरावाला म्हणून रोझेटच्या पाचशे कच्च्या फ्रेम मीच क्लबच्या फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. घ्या. उचलल्या, रंग चढवला, खाली स्वतःचं नाव! हलकट.

२२ जानेवारी

गंधालीताईंना फोन केला. "मनाली, नक्की ना गं? साधा माणूस आहे तो." सगळे साधेच असतात, सापडेपर्यंत.

२५ जानेवारी, रविवार

आज बैठकीत पडद्यावर दोन्ही फ्रेम शेजारी-शेजारी लावल्या. त्याची आणि माझी. ठिपक्यांभोवती गोल काढले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

तो उठून पडद्याजवळ गेला. एकेका ठिपक्यावर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाला, "ठिपके सेम आहेत ताई, मला पण दिसतंय. पण फोटो मीच काढलाय. माझ्या कॅमेऱ्यात ते आहेतच."

मी म्हटलं, दोन कॅमेऱ्यांना एकच ठसे? लोक हसले.

"मग तुमच्या पाचशेमधली ही कुठली फ्रेम, तेवढं दाखवा."

म्हणजे चोरलेली वस्तू कुठली ते आता चोरच विचारणार! मी पुन्हा त्या गोलांकडेच बोट दाखवलं.

"मी कॅमेरा घेऊन येतो. गोवंडीला जाऊन यायला दोन तास लागतील. थांबाल का?" गंधालीताईंनी घड्याळ बघितलं. हॉल बाराला सोडायचा होता. "वाढवू नका अंबादास. फोटो मागे घ्या, विषय संपवू." त्याने बॅग उचलली आणि खुर्ची नीट आत सरकवून निघून गेला. संध्याकाळी ग्रुपवरूनही गेला. बरं झालं.

२६ जानेवारी

सुट्टी. म्हटलं, कुठली फ्रेम ते शोधूनच ठेवू, उद्या कोणी विचारलं तर तोंडावर फेकता येईल. एकेक लावून बघितली. तारे जुळत नाहीत. त्याची चौकट तिरकी, माझी एकही तशी नाही. त्याच्या फ्रेममधून एक उपग्रह गेलाय, बारीक रेघ आहे. माझ्या एकाही फ्रेममध्ये ती रेघ नाही.

फोल्डरमधून काही उडवल्या असतील त्याने. उडवल्याच असणार.

नितेशने विचारलं, "काय शोधतेस एवढं?" म्हटलं, काही नाही. तीनशे चाळीसपर्यंत आले होते. लॅपटॉप बंद केला.

१ फेब्रुवारी, रविवार

दर्शनी भिंतीवर माझा फोटो. चार फूट बाय तीन. लोक येतायत, झकास म्हणतायत, सेल्फी काढतायत.

अकराच्या सुमारास एक बाई आली. अंगावर नवी साडी, बरोबर म्हातारी सासू आणि शेजारपाजारच्या चार-पाच जणी. माझ्या छातीवरचा क्लबचा बिल्ला बघून मलाच विचारलं, "मॅडम, अंबादास यांचा फोटो कुठे लावलाय? पुढच्या भिंतीला आहे म्हणाले होते. मी त्यांची मिसेस, चंपा."

त्याने घरी सांगितलंच नव्हतं!

मी म्हटलं, यंदा नाही लागला. "का?" म्हटलं, जागा कमी पडली. ती माझ्या फोटोसमोर उभी राहिली. सासूला म्हणाली, "आई, हा पण तसाच आहे बघा. त्यांचा जास्त लाल होता ना?" म्हातारीने मान डोलावली. शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या.

काय गरज होती सगळी गल्ली घेऊन यायची! माझा अख्खा दिवस नासवला त्या बाईने. राग जात नाही. कुणावर आहे तेही आता नीट कळत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

साकीनाक्याच्या चंद्रप्रकाशचा फोन. जुने कॅमेरे घेतो-विकतो, माझं सगळं सामान त्याच्याकडूनच येतं. "मनालीताई, दोन वर्षांमागे तुम्ही मला एक कॅमेरा विकला होता, आठवतो? लाल पकडतच नाही, भंगार आहे म्हणून? तो गोवंडीचे एक जण घेऊन गेले होते. आज परत आणून दिला. म्हणाले, आता नको. एकदम जपून वापरलाय हां. म्हटलं, दुसऱ्या कुणाला द्यायच्या आधी तुम्हाला विचारावं."

फोटो त्याचाच होता.

मी म्हटलं, बघते. कळवते.