त्या फॉर्ममध्ये तू बसली नसतीस

आई, तू गेल्यानंतर मी बऱ्याच नोकऱ्या बदलल्या. आता अंधेरीला आहे. तू ज्या गोळ्यांना शिव्या द्यायचीस, तसल्याच नव्या गोळ्यांच्या चाचण्या आमच्याकडे चालतात. कानात आवाज येतात, कुणीतरी आपल्या जिवावर उठलंय असं वाटतं, त्या आजारावरच्या. चाचणीत कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ते फॉर्म मी तपासते.

फॉर्म कडक असतो. डायबेटिस नको, दारू नको, कधी जीव द्यायला निघालेला माणूस नको. शिवाय सगळं समजून स्वतः सही करायला हवी. ते वाचताना मला कांदिवलीचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. तू ओट्याला टेकून उभी आहेस, तुझ्या ताटातली आमटी मी आधी चाखावी म्हणून थांबली आहेस. मी चाखते, तरी तू जेवत नाहीस. "तू पण त्यांच्यातलीच गं," एवढंच म्हणतेस. तू कसली सही करतेस! आणि डायबेटिस तर तुला होताच.

मागच्या आठवड्यात घाटकोपरहून एक बाई आली, भावाबरोबर. तिलाही डायबेटिस, आणि एकदा जीव द्यायचा प्रयत्न केलेला. मी तिला परत पाठवलं. जाताना भावाने विचारलं, "मॅडम, हे औषध बाजारात आलं की हिला देतील ना?" मी हो म्हटलं. मग आमच्या डॉक्टरांना विचारलं, की अशा बाईवर तपासलंच नाही, तर तिला ते मानवेल हे कशावरून. ते म्हणाले, आधी साध्या केसेस बघतात, बाकीचं पुढे कळत जातं. कुणाला कळतं आणि कसं, हे विचारेपर्यंत त्यांनी पुढचा फॉर्म हातात घेतला होता. तेव्हापासून 'बहुतेक पेशंटना फरक पडला' असं कुठे छापलेलं दिसलं, की माझ्या मनात पाल चुकचुकते. कुठले पेशंट? सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसलेले तर सगळे तुझ्यासारखेच दिसतात.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून सांगते. तुझ्या त्या गोळीने पायांत सतत काहीतरी चालत राहतं, एका जागी बसवत नाही, असं तू मला दोनदा सांगितलं होतंस. तुझ्या डॉक्टरांच्या कानावर घाल म्हणालीस. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगून आले. मला वाटलं, हेही तुझ्या आजाराचंच बोलणं.